फुटांचा हिशेब

पावसाळा लागला की आमच्या वडगावात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. "राकसकोप किती फुटांवर आला?" हा पहिला, आणि शिवाराकडून येणाऱ्याला विचारलेला, "नाल्याचं पाणी बांधावर चढलं का?" हा दुसरा. आमच्या घरात तर आईला पाऊस हवा असतो आणि काकांना तो थांबायला हवा असतो.

मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय बेळगावची तहान भागवतो. २४७५ फूट ही त्याची पूर्ण पातळी. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आकड्यावर माझी भारी भिस्त. गेल्या जुलैत मी आनंदाने ओरडलो, "काका, राकसकोप भरला!" पायांचा चिखल धूत काका म्हणाले, "भरू दे बाबा. तू उद्या नाला बघून ये."

गेलो. राकसकोपचे पाणी बळ्ळारी नाल्यात येत नाही. दोघांना पाऊस तेवढा एक. पण नाल्यात पाणी दिसतच नव्हते. दिसत होती जलपर्णी, हिरवीगार, जांभळ्या तुऱ्यांची. क्षणभर डोळे निवले. मग बांधापलीकडे पाहिले. अडलेले पाणी शेतात पसरले होते आणि नुकतीच लावलेली बासमतीची रोपे त्याखाली गेली होती. माझी फी त्याच भातातून भरायची होती.

तेव्हा मला उन्हाळ्यातला राकसकोप आठवला. पाणी ओसरल्यावर काठाला मोकळा पट्टा उघडा पडतो, त्यावर गवत उगवते, गुरे चरतात. ती जागा मला वाया गेलेली वाटली होती. पण ते गवत मुळांनी माती धरून ठेवते. माती सुटली की तळाशी गाळ साचतो. मग फूट तेच राहतात, पाणी मात्र कमी होते. वर्तमानपत्रातल्या आकड्यात ही तूट दिसत नाही.

जलपर्णीची मुळे पाण्यात लोंबतात. ती सांडपाण्यावर पोसते आणि वाहते पाणी अडवते. दोन्ही हिरवेच, पण एक जमेला, दुसरे नावे. कोल्हापूरच्या रंकाळ्यातून जलपर्णी कितीदा काढली, तरी सांडपाणी येत राहिले आणि तीही परत आली. नुसती वरची पाने काढून खाते मिटत नाही. काठ राखला पाहिजे, घाण अडवली पाहिजे आणि पावसाआधी पाण्याची वाट मोकळी केली पाहिजे.

काकांनी रोपे मागून आणून पुन्हा लावणी केली. भात निम्मेच पिकले. माझी फी आईने भिशीच्या पैशांतून भरली. आता राकसकोप भरल्याची बातमी वाचली की आनंद होतोच. पण पेपर खाली ठेवून मी आधी नाल्याकडे जातो.