जाहिरात आणि ग्राहकाचा जाणण्याचा हक्क

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क)ने नागरिकाला दिलेले भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य माल खपवण्यासाठी केलेल्या जाहिरातीलाही लाभते का, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्यांचा वाटला, तरी त्याचे उत्तर ग्राहकाच्या हक्कापाशी सापडते.

चमत्कारी उपायांच्या आणि ठरावीक रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये, हमदर्द दवाखाना खटल्यात, अशा जाहिरातींचा संबंध विचारप्रसाराशी नसून व्यापाराशी आहे, असे ठरवले. रुग्णाला फसवणुकीपासून वाचवण्याचा हेतू रास्तच होता. परंतु जाहिरात हा निव्वळ व्यापार मानला, की 'सर्वसाधारण जनतेच्या हिता'साठी निर्बंध घालण्याची अनुच्छेद १९(६)मधील ऐसपैस मुभा सरकारला मिळते, आणि अभिव्यक्तीवरील निर्बंधांची मोजकी कारणे सांगणाऱ्या अनुच्छेद १९(२)चे कवच गळून पडते.

हे कवच किती मोलाचे आहे, ते पुण्याच्या 'सकाळ'च्या खटल्यात १९६१ मध्ये दिसले. वृत्तपत्राच्या पानांशी किंमत बांधणारा आणि जाहिरातींच्या जागेवर नियंत्रण आणणारा १९५६ चा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कारण जाहिराती घटल्या की अंकाची किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो आणि खप घटला की मत पोहोचण्याचे क्षेत्रच आक्रसते.

पुढे मुंबईत टाटा प्रेसने व्यावसायिकांच्या जाहिरातींची 'यलो पेजेस' सूची काढली, तेव्हा दूरध्वनीधारकांची यादी छापण्याचा अधिकार आपलाच, असा दावा महानगर टेलिफोन निगमने केला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेसच्या बाजूने कौल देताना व्यापारी अभिव्यक्ती, म्हणजे व्यवहाराच्या हेतूने दिलेली माहिती, अनुच्छेद १९(१)(क)च्या कक्षेत येते, असे स्पष्ट केले आणि ती माहिती मिळवण्याचा जनतेचा हक्कही मान्य केला. जीवरक्षक औषधाची जाहिरात विक्रेत्यापेक्षा जनतेला अधिक मोलाची असू शकते, हे त्यामागचे मर्म होते.

संरक्षणाचा पाया ग्राहकाचा हक्क असल्यामुळे त्याची मर्यादाही तिथेच ठरते: खोट्या जाहिरातीने ग्राहकाचे ज्ञान वाढत नाही, म्हणून तिला हे संरक्षण मागता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली, ती या तत्त्वाशी सुसंगतच आहे. खऱ्या जाहिरातीचे तोंड सरकारने बांधू नये आणि खोट्या जाहिरातीला स्वातंत्र्याची ढाल मिळू नये, हाच या प्रश्नाचा न्याय्य निवाडा होय.