लिहून देणारा डॉक्टर

औषध अस्तित्वात आहे, पण ते लिहून देणारा डॉक्टर मिळत नाही, ही अडचण व्यापाऱ्याच्या बुद्धीला सहजी पटणारी नाही. फेनेलझीन या नैराश्यावरील औषधाच्या वाट्याला मात्र हेच आले आहे.

1952 साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी विलक्षण उल्हसित दिसू लागले. त्यातून नैराश्यावरील औषधांचे जे कुळ निघाले, त्यातलेच फेनेलझीन. ही औषधे शरीरातील एक विकर रोखतात. मुरलेल्या पदार्थांतील टायरामाइन निकामी करण्याचे कामही त्याच विकराचे. ते थांबले, की जुन्या चीजचा तुकडाही रक्तदाब एकाएकी चढवतो. 1963 मध्ये लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल यांनी हा संबंध दाखवला. पुढे सोयीची औषधे आली, आणि डॉक्टरांच्या नव्या पिढ्यांजवळ भीती तेवढी उरली, सराव उरला नाही.

सांगलीच्या एका हळद अडत्याची कन्या इंग्लंडमध्ये असते. तीन औषधे झाली, समुपदेशन झाले, उतार पडेना. फॅमिली डॉक्टरने फेनेलझीन लिहिण्यास नकार दिला. ते योग्यच होते. हे काम मानसोपचारतज्ज्ञाचे. पहिल्या तज्ज्ञाने मात्र ती काय खाते हेही न विचारता ‘धोक्याचे’ म्हणून विषय मिटवला. वडिलांनी मुंबईहून ओळखीने गोळ्या पाठवण्याची तयारी दाखवली. ती म्हणाली, “अण्णा, गोळ्या मिळतील हो, रक्तदाबावर लक्ष कोण ठेवणार?”

दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाताना तिने वही नेली. कोणते औषध, किती मात्रा, केव्हा सुरू, केव्हा बंद, काय त्रास: सारे तारीखवार. अडत्याच्या घरची सवय अशी उपयोगी पडली. त्या बाईंनी वही शांतपणे वाचली आणि शेवटच्या फ्लुओक्सेटीनच्या तारखेवर बोट ठेवले. ते बंद होऊन पाच आठवडे लोटल्यावाचून फेनेलझीन देता येत नाही. दोन्ही एकत्र आल्यास जिवावर बेतू शकते. मग खाण्याची चौकशी झाली. चीज सोडणे तिला जड नव्हते. न्याहारीच्या पावावरचे मार्माइट सोडणे जड गेले. खोकल्याची औषधेही विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत.

नकार देणाऱ्याने आणि होकार देणाऱ्याने धोका एकच पाहिला होता. एकीने तो मोजला.

लहान मात्रेने उपचार सुरू झाले आहेत. गुण किती येईल, हे कळण्यास काही आठवडे जातील. तोवर तिच्या पर्समध्ये एक सूचनापत्र असते. दंतवैद्य असो वा भूलतज्ज्ञ, ते आधी दाखवावयाचे.