पुढच्यास ठेच

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या म्हणीत दगडाचं पुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही. पुढच्याच्या अंगठ्याचं काय झालं, तेही नाही. नख उलटलं, रक्त आलं, तो तसाच लंगडत पुढे गेला की तिथेच खाली बसला? म्हणीची सगळी माया मागच्यावर. तो जरा बाजूने पाऊल टाकतो आणि शहाणा ठरतो. दगड मात्र होता तिथेच राहतो, तिसऱ्याची वाट बघत.

रोहिणी गोडबोले यांच्याबद्दल विचार करू लागलं की ही म्हण आडवी येते. त्या पुण्याच्या, जन्म 1952चा. हुजूरपागेत शिकल्या, मग स. प. महाविद्यालय, आयआयटी मुंबई, अमेरिकेत स्टोनी ब्रूकला पीएच.डी. 1979 साली परत आल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काढला, 1982 ते 1995 मुंबई विद्यापीठात शिकवलं, आणि तिथून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. बंगळूरची जुनी माणसं आणि बसचे कंडक्टर या संस्थेला अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. तिथल्या उच्च ऊर्जा भौतिकी केंद्रात त्यांनी पुढचं सगळं आयुष्य घातलं. 2019 साली पद्मश्री मिळाली. 25 ऑक्टोबर 2024 रोजी त्या पुण्यात वारल्या. 71 वर्षांच्या होत्या. मृत्युलेखांत हे सगळं येतं, रीतसर येतं. पण मृत्युलेख पायऱ्यांचा असतो. एक पायरी, मग दुसरी, मग तिसरी. त्यात ठेच दिसत नाही.

मी त्या यादीतल्या पहिल्याच पायरीशी थांबतो. हुजूरपागा 1884ची. रानडे, भांडारकर, मोडक यांच्यासारख्या माणसांनी उभी केलेली. गोडबोले तिथे शिकत होत्या तेव्हा सातवीपर्यंत मुलींना विज्ञान नव्हतं, गृहविज्ञान होतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मात्र विज्ञान लागायचं. त्यांनी ते वेगळं शिकून घेतलं आणि ती शिष्यवृत्ती मिळवणारी त्या शाळेतली पहिली मुलगी ठरल्या. ही शाळा काढणारी माणसं मुलींच्या बाजूची होती. मुलींनी शिकावं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. तरी त्यांच्याच वाटेवर हा दगड होता. याचा मी पुष्कळ विचार केला. वाटेतले सगळे दगड वैऱ्यानेच टाकलेले असतात असं नाही. काही दगड वाट बांधणाऱ्यांकडूनच राहून गेलेले असतात, आणि ते दिसायला सर्वांत अवघड, कारण त्या माणसांबद्दल आपल्या मनात आदर असतो.

2008 साली गोडबोले आणि राम रामस्वामी यांनी मिळून एक पुस्तक संपादित केलं, ‘लीलावतीज डॉटर्स’. बंगळूरच्याच इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने ते काढलं. भारतातल्या जवळजवळ शंभर स्त्री-वैज्ञानिकांची ही छोटी छोटी आत्मकथनं आणि चरित्रं. विज्ञानाकडे कशी वळले, घरचे काय म्हणाले, कुणी हात दिला, कुणी दार लावून घेतलं. मागून येणाऱ्या मुलींनी वाचावं म्हणून लिहिलेलं. म्हणजे म्हणीतलं जे काम एरवी आपोआप होतं असं आपण धरून चालतो, ते इथे बसून, लोकांच्या मागे लागून, पत्रं पाठवून केलेलं. कारण ते आपोआप होत नाही. पुढचा दिसला तरच मागचा शहाणा होणार. भौतिकशास्त्राच्या वर्गातल्या मुलीला पुढे कुणी बाई चालताना दिसलीच नसेल, तर तिला ठेचही दिसत नाही आणि वाटही.

बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये मार्गोसा रोडच्या फुटपाथवर गटाराच्या वर ग्रॅनाइटच्या लाद्या टाकलेल्या आहेत. त्यातली एखादी फुटते, आत जाते. मग जवळचा दुकानदार किंवा रस्ता झाडणारी बाई त्या भोकात झाडाची एक फांदी खोचून ठेवते, पानांसकट. सकाळी पानं हिरवी असतात, दोन दिवसांत सुकून तपकिरी होतात. लोक फांदी बघून वळसा घालतात. ही फांदी दुरुस्ती नव्हे, पण ती बेफिकिरीही नव्हे. फांदी खोचणाऱ्याच्या हाती लादी बदलणं नसतं, दुसऱ्याचा पाय वाचवणं असतं. ते पुस्तक मला त्या फांदीसारखं वाटतं, आणि हे मी पुस्तकाचा मान ठेवूनच म्हणतो.

आता इथे मला कमला भागवत आठवते आणि मग तिच्यापासून हलवत नाही. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण, पुढची कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी झालेली. वडील आणि काका दोघेही याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, तेव्हा मुलीनेही तिथेच जावं हे घरात ठरल्यासारखंच. 1933 साली अर्ज केला, आणि संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. त्यांनी नकार दिला, मुलगी आहे म्हणून. मुलगी बंगळूरला जाऊन उभी राहिली, हटली नाही, तेव्हा एक वर्ष उमेदवारीवर घेतलं. त्या वर्षात तिने असं काम केलं की नकार देणाऱ्यालाच मान्य करावं लागलं. पुढे केंब्रिजला जाऊन तिने वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे दाखवून दिलं. सुरुवात बटाट्यापासून केली होती. 1939 साली पीएच.डी. मिळवली, मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये वर्षानुवर्षं शिकवलं, त्या संस्थेची संचालक झाली. 1998 साली गेली.

ती जिथे थांबवली गेली त्याच आवारात, दगडी मनोऱ्याच्या त्याच इमारतीजवळ, 62 वर्षांनी रोहिणी गोडबोले शिकवायला गेल्या. इथे म्हण छान बसते असं मला आधी वाटलं. पुढचीने ठेच खाल्ली, मागचीला वाट मोकळी. पण मग मधल्या काळातल्या भौतिकशास्त्रज्ञ ॲना मणींचं काय करायचं? त्यांना रामन यांनी 1940 साली आपल्या प्रयोगशाळेत घेतलं. प्रवेशाचा दगड त्यांच्या वाटेत नव्हताच. हिरे आणि माणकांवर त्यांनी काम केलं, प्रबंध लिहून दिला, आणि मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही, कारण एम.एस्सी. नव्हती. म्हणजे पुढचीची ठेच मागचीच्या उपयोगी पडली नाही, तिचा दगड वेगळाच निघाला. म्हण धरून चालते की दगड एकच आहे आणि तो जागचा हलत नाही.

आणि याहून मोठी एक अडचण आहे, तिने माझी झोप उडवली. मागचा शहाणा होतो म्हणजे नेमकं काय करतो? जपून पाऊल टाकतो, हा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की तो वाटच सोडतो. पुढच्याला ठेच लागलेली पाहून परत फिरणं, हेही शहाणपणच म्हणतात लोक. आपल्याकडे मुलीला असंच शहाणं करतात. बघितलंस ना तिचं काय झालं, लग्न राहिलं, नोकरी दुसऱ्या गावी, मूल सांभाळायला कुणी नाही, त्यापेक्षा बी.एड. कर. शंभर जणींच्या ठेचा एकत्र बांधून पुस्तक केलं, तर ते वाचून किती मुली पुढे गेल्या आणि किती घरांत ते बोट दाखवायला वापरलं गेलं? याचा हिशेब कुणी ठेवू शकत नाही. मला वाटतं संपादकांना ही भीती ठाऊक असणार. म्हणून त्यातल्या बायका नुसत्या ठेचांबद्दल बोलत नाहीत, कामाच्या गोडीबद्दल जास्त बोलतात. तरीही प्रश्न उरतो.

गोडबोले यांच्या खुद्द संशोधनात मात्र ही म्हण उलटी चालली आहे. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि मी त्यात बराच गुंतलो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवणारी प्रचंड यंत्रं बांधायचे बेत 1980च्या दशकापासून चालू होते. टक्कर नक्की व्हावी म्हणून कणांचे पुंजके अतिशय दाट आणि बारीक करायचे. असे दोन पुंजके एकमेकांसमोर आले की एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याचे कण वाकतात, आणि वाकताना फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडतात. प्रकाश म्हणजे तसा निरुपद्रवी, असं आपल्याला वाटतं. पण फार ऊर्जेचा फोटॉन क्षणभर क्वार्क आणि ग्लुऑन यांच्या गाठोड्यासारखा वागतो. असे दोन फोटॉन आपटले की कणांचा फवारा उडतो, आणि ज्या दुर्मीळ घटनेसाठी एवढं यंत्र बांधलं ती या कचऱ्याखाली दबून जाऊ शकते. 1991 साली मॅन्युएल ड्रीज आणि रोहिणी गोडबोले यांनी हे गणिताने दाखवून दिलं. गोडबोले तेव्हा मुंबई विद्यापीठात, सांताक्रूझच्या आवारात शिकवत होत्या. तेव्हापासून अशा यंत्राचा आराखडा करणाऱ्याला या परिणामाचा हिशेब आधी मांडावा लागतो. आज त्याला या दोघांचंच नाव आहे.

म्हणजे इथे कुणाला ठेच लागलेलीच नव्हती. यंत्र बांधलेलं नव्हतं, त्यातली मोठी यंत्रं आजही कागदावरच आहेत. वाट अजून पडायची होती आणि त्यांनी सांगितलं की दगड इथे असेल. विज्ञानात हे जमतं. समीकरण हाताशी असलं की अंगठा न फोडता शहाणं होता येतं. मग माणसांच्या वाटेवर का जमत नाही? तिथे प्रत्येक दगड कुणाच्या तरी नखावर आपटूनच का कळावा?

पुस्तकाच्या नावातली लीलावती याच कोड्यात मला आणखी आत घेऊन जाते. भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात तिच्या पोशाखातला मोती पडला, छिद्र बुजलं, लग्नाचा मुहूर्त टळला, आणि बापाने तिचं नाव ग्रंथाला देऊन ते अजरामर केलं. ही गोष्ट पहिल्यांदा सापडते ती फैजीने 1587 साली केलेल्या फारसी भाषांतरात, ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ती खरंच मुलगी होती का, होती का तरी, कुणाला सांगता येत नाही. भास्कराचार्यांचं मात्र दगडावर कोरलेलं आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने शके 1128 मध्ये आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ काढला. तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात तत्त्वज्ञान काही नाही. बाजारात जो माल विकला जाईल त्याच्या उत्पन्नातला अमुक वाटा मठाला, असा सरळ व्यवहार आहे. शिक्षक गेल्यावर त्याची विद्या चालू राहायची तर कुणी पैसे द्यायचे, ते नातवाने दगडावर लिहून घेतलं. बापाला मठ मिळाला, मुलीला गोष्ट मिळाली. त्या मठात एखादी मुलगी शिकली असेल का?

गोडबोले यांनीही नुसती गोष्ट सांगून सोडलं नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या स्त्री-वैज्ञानिकांसाठीच्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. 2010 साली अनिता कुरूप आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी एक पाहणी-अहवाल काढला. त्याचा विषयच असा होता की विज्ञान शिकलेल्या बायका आपण किती गमावतो आणि का. पीएच.डी. झालेल्या, पण संशोधनात नसलेल्या बायकांना विचारलं. संसार आणि मुलंबाळं म्हणून बायका विज्ञान सोडतात, असं आपण गृहीत धरतो. त्यातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं की नोकरीच मिळाली नाही. म्हणजे दगड घरात आहे असं समजून आपण शोधत होतो, आणि तो संस्थेच्या दारात होता. फांदी खोचणाऱ्याने लादी कुठे फुटली आहे हेही लिहून दिलं. लादी बसवणं हे त्यानंतरचं काम, आणि ते एका शिक्षिकेच्या आयुष्यात मावणारं नाही.

म्हणूनच मी सुरुवात केली तेव्हा मला जितकी खात्री होती तितकी आता नाही. शिक्षकाचं काम ठेच सांगणं आहे, की दगड उचलणं, की वाटेची गोडी अशी लावणं की ठेच लागूनही मुलगी परतू नये, यातलं मोठं कुठलं हे मला ठरवता येत नाही. गोडबोले यांनी तिन्ही केलं. बहुतेक शिक्षकांना एकच जमतं, आणि तेही कुणाला कळत नाही.

तुम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई हयात असतील, तर त्यांना जाऊन भेटा. कशा यशस्वी झालात हे विचारू नका, ते सगळेच विचारतात. ठेच कुठे लागली ते विचारा, आणि तो दगड अजून तिथे आहे का तेही. जे सांगतील ते लिहून ठेवा, आणि घरातल्या मुलीला वाचायला द्या. पण त्याबरोबर दगडाला हात लावायला तुम्हीही या.