राघूची ढोली

पोपट म्हटला की आपणां मराठी माणसांस प्रथम पिंजरा आठवतो, झाड नव्हे. घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही शिक्षक मंडळी पोपट म्हणून हिणवितो. आणि घरी टांगलेला राघू ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणू लागला की त्याच गुणाचे कोण कौतुक करितो! रानातल्या पोपटास मात्र आपल्या भाषेची मुळीच गरज पडत नाही. त्याची हाक त्याच्या स्वतःच्या जातीची असते.

आमच्या वरूडच्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. पश्चिमेस मेळघाटाकडे पसरलेल्या त्याच्या रानांत करण पोपट राहतो. त्यास पहाडी पोपट असेही म्हणतात. नेहमीच्या राघूहून हा बराच थोराड, शेपटीसकट सुमारे 58 सेंटिमीटर. चोच लालभडक, खांद्यावर तांबडा डाग, नराच्या गळ्यात काळ्या-गुलाबी रंगाचा कंठ. इंग्रजांनी त्यास शिकंदराचे नाव दिले आहे. परंतु नाव जगज्जेत्याचे असले तरी हा पक्षी घरासाठी सर्वस्वी परावलंबी आहे.

कारण पोपट घरटे विणीत नाही. हिवाळा आला की तो जुन्या झाडाची ढोली शोधतो, चोचीने ती थोडी रुंद करितो आणि तीत दोन ते चार अंडी घालितो. मोठ्या पक्ष्यास ढोलीही मोठी हवी आणि मोठी ढोली जाड, वयोवृद्ध बुंध्यातच सापडते. आमच्याकडे संत्र्याचे कलम पाच-सहा वर्षांत फळास येते. अशी ढोली तयार होण्यास मात्र माणसाचे एक आयुष्यही अपुरे पडावे.

पिले चोरणारा याच ढोलीत हात घालितो. पोपट पकडणे, विकणे व पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी बाजार थांबलेला नाही. पिलांसाठी कोणी ढोलीच फोडली, तर पुढील कित्येक विणींचे घर बुडते.

फळे टोकरणाऱ्या थव्यावर बागाइतदार रागावतो, तो राग रास्तच आहे. आमचे मागणे त्याच्या बागेविषयी नाही. बांधावरच्या आणि रानातल्या त्या पोकळ, निरुपयोगी ठरलेल्या म्हाताऱ्या झाडाविषयी आहे. नवी रोपे खुशाल लावावीत, परंतु त्यांच्या जागेसाठी हे झाड पाडू नये. आमच्या धंद्यात पोकळपणा हा दोष खरा. अरण्यात मात्र त्यावर एका कुळाचा संसार चालतो.