मधल्या वेळचं

अंबाजोगाई
येळवशीनंतरचा सोमवार

चि. सौ. छकुलीस,


येळवशीला शेतात तू जे बोललीस ते तेव्हा माणसांत होतो म्हणून ऐकून घेतलं. पण त्या दिवसापासून ते डोक्यातून जात नाही. वेळ अमावस्येची पूजा झाली, पंगत बसली, मामी तुझ्या पत्रावळीवर भज्जी वाढायला वाकली आणि तू हात आडवा धरलास. "मामी, मी दिवसातून दोनदाच खाते, तेही चार घास. दीक्षित सरांचं ऐकते." बायकांनी केवढं कौतुक केलं! घटकाभरानं बांधावरून येताना तू लिंबाला हात टेकून उभी राहिलीस, डोळे मिटलेस, मग पर्समधून बिस्किटाचा पुडा काढलास. ते फक्त मी पाहिलं. तेव्हा राग आला होता. आता राग गेला, काळजी राहिली.

अगं, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मला आदर आहे. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवताना या माणसानं डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार उचलला. दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, मध्ये पातळ ताक-पाण्याशिवाय काही नको, हे त्यांनी गावोगाव फिरून एक पैसा न घेता सांगितलं. आपल्या मराठवाड्यात कितीतरी माणसांची साखर त्यानं ताब्यात आली. पण तो विचार धडधाकट पोटाच्या माणसासाठी आहे. तुझं पोट आता तसं राहिलेलं नाही. वजनासाठी तू करून घेतलेल्या स्लीव्हच्या ऑपरेशनात जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून तुला भूक लागत नाही. भूक लागत नाही म्हणजे शरीराची गरज भागली, असं नव्हे.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी तुझ्या फाइलमधला आहाराचा कागद मीच तुला वाचून दाखवला होता. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम, असं त्यावर ठळक छापलेलं आहे. आता तुझं खाणं मांडून बघ. अर्धी बाजरीची भाकरी, तीन ग्रॅम. वाटीभर पातळ वरण, तीन-चार. ताक, दोन. हे दोनदा. वर ती चार बिस्किटं, ज्यात साखर नि मैदाच जास्त. सगळं मिळून वीसच्या आसपास. बाकीचे चाळीस ग्रॅम शरीर कुठून आणणार? ते तुझ्याच स्नायूंतून काढून घेणार. काटा खाली सरकतो, बायका कौतुक करतात, पण त्यात चरबी किती गेली आणि मांस किती गेलं हे काटा सांगत नाही. हृदयही स्नायूच आहे, बाळा.

केस गळतात म्हणालीस. अशा ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून केस गळतातच, बहुतेकांचे पुन्हा येतात. पण प्रथिनं आणि लोह कमी पडलं तर ते गळणं लांबतं. तेल बदलून काही होणार नाही.

म्हणून सांगतो, तुझ्यापुरतं मधल्या वेळचं खाणं म्हणजे चैन नव्हे, तोही जेवणाचाच भाग आहे. एका वेळी वाटीभरापेक्षा जास्त पोटात मावतच नाही, तर ६० ग्रॅम दोन वेळांत बसवणार कशी? पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं आणि प्रत्येक वेळी पहिला घास प्रथिनाचा. भाकरी मागाहून, जागा उरली तर. पाणी घासाबरोबर नको. जेवणानंतर अर्धा तास तरी थांब.

तुझ्या सासूबाई काय करतात हे मला ठाऊक आहे. डाळीचं वरचं पाणी काढून प्रेमानं वाटी पुढं करतात. आपल्याकडं बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या आजाऱ्यांना हेच देतात. त्या पाण्यात मीठ-हळद असते, प्रथिन जवळजवळ नसतंच. ते खाली बसलेल्या गाळात असतं. त्यांना दुखवू नकोस, पण डाव खाली घालून घट्ट वरण वाढून घे.

तुमच्या घरात माळ आहे. अंड्यात सहा ग्रॅम प्रथिन असतं हे खरं, पण माळ मोडून खा असं मी कधी म्हणणार नाही. तुझ्या आजीनं शेवटच्या आजारातही मोडली नाही. माळकऱ्याला प्रथिनं मिळत नाहीत, ही मात्र शहरातल्या माणसांनी उठवलेली आवई आहे. मूठभर फुटाण्यांत सहा ग्रॅम मिळतात. ते कोरडे अडकत असतील तर डाळ्याचं पीठ करून ताकात कालव, जिरं-मीठ घाल. पन्नास ग्रॅम पनीर घेतलंस तर नऊ. दही फडक्यात टांगून चक्का कर, तो मिठा-मिऱ्यासोबत खा, साखर घालू नकोस. गोडानं तुझं पोट ढवळतं, घाम फुटतो, हे तू दिवाळीत अनुभवलंस. रात्री दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर दोन मोठे चमचे घातलीस तर पेलाभर दुधाचं बळ जवळपास दुप्पट होतं, आणि ती पावडर किराणा दुकानात मिळते. शेंगदाणे खा, पण मोजून. त्यात प्रथिनाच्या दुप्पट तेल असतं आणि हात थांबत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला तो महागडा डबा जावईबापूंनी आणलाय ना? मग तो घेत जा. कपाटात ठेवून काय उपयोग?

आता माझं नेहमीचं येणार, ऐकून घे. मी कृषी सहायक म्हणून लागलो तेव्हा धारूर-केजच्या मुरमाड माळांवर हुलगा आणि मटकी हमखास दिसायची. खत नाही, फवारणी नाही, एखादा पाऊस हुकला तरी दाणा हाती यायचा. घरोघरी शेंगोळे असायचे, माडगं असायचं. मग सोयाबीन आलं. पैसा आला, त्याला मी नाव ठेवत नाही, मी स्वतः त्याची प्रात्यक्षिकं घेतली आहेत. पण सोयाबीनच्या दाण्यात शंभराला चाळीसच्या जवळ प्रथिन आहे. आपला जिल्हा ते पोत्यांनी मोंढ्यात घालतो. तेल आपण खातो आणि प्रथिनाची बहुतेक पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र पोरं मधल्या वेळी पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा फोडतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साल कडधान्यांचं म्हणून पाळलं, २०२३ भरडधान्यांचं. बाजरीचे फलक लागले, बरं वाटलं. पण बाजरी एकटी पुरत नाही. धान्यात लायसिन कमी असतं, ते कडधान्यात भरपूर असतं. कडधान्यात मिथिओनिन कमी, ते बाजरीत मिळतं. भाकरीबरोबर हुलगा खाणाऱ्या आपल्या बायांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण ताटात दोन्ही होतं. आता हुलग्याचं बी शोधावं लागतं. आणि ज्या भज्जीला तू हात आडवा धरलास, तिच्यात ओली तूर, वाटाणा, हरभरा, वाल, वर बेसन असतं. त्या दिवशी अख्ख्या शेतात तुझ्या कामाचं तेवढंच होतं गं!

असो. सोयाबीनचं पीठ घरी करायचं तर कच्चं दळू नकोस. कच्च्या दाण्यात प्रथिनाचं पचन अडवणारा घटक असतो. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजव, वाळव, मग दळ, आणि ज्वारीच्या नऊ वाट्यांत एक वाटी मिसळ. माडगं करशील तर घट्ट कर. पातळ माडगं घशाला बरं वाटतं, पण त्यात पाणीच फार.

एक गोष्ट मात्र विसरू नकोस. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर घरगुती काही करत बसू नकोस, तडक डॉक्टरकडं जा. अशा वेळी बी-वन जीवनसत्त्व झपाट्यानं संपतं आणि नसांना इजा होते. पायावर सूज आली तरी सांग. पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-ट्वेल्व्ह, अल्ब्युमिन एवढं लिहून मागून घे. तुझ्या आईनं अशक्तपणाला नेहमी 'काही नाही, दमले' म्हटलं, आणि आम्ही भावांनी ते खरं मानलं. तू चक्कर आली की 'ऊन लागलं' म्हणतेस. मार्गशीर्षात कसलं ऊन?

बुधवारच्या बीड गाडीनं शेजारचा मुलगा येतोय. त्याच्याकडं हुलगा, डाळ्या आणि मामीनं दळलेलं येसर देतो. येसर कढीत घाल, कढी घट्ट होते. रविवारी फोन कर आणि आधी दिवसभरात काय खाल्लंस ते सांग, लेकरांची खुशाली मागाहून.

तुझा
मामा

ता. क. जावईबापूंना हे पत्र वाचायला दे. घरात मोजायचा काटा नसेल तर त्यांनी छोटा आणावा. पनीर डोळ्यांच्या अंदाजानं घेशील तर तू नेहमी कमीच घेशील.