अरवरीचे मासे

अजमेरच्या जियारतीनंतर मुद्दाम वाट वाकडी करून आम्ही अलवर जिल्ह्यातली अरवरी नदी पाहिली. एके काळी पावसाळा सरला की ती कोरडी पडे. तरुण भारत संघाच्या साथीने गावकऱ्यांनी जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, घातले. पाणी मुरले, विहिरी भरल्या आणि १९९५च्या सुमारास नदी बारमाही झाली.

पाण्यात मासे आले, मागोमाग सरकारी ठेकाही आला! हमीरपुऱ्याचे लोक अडून बसले. आज मासे गेले तर उद्या पाणीही जाईल, ही त्यांची धास्ती. ठेका रद्द झाला. त्यातूनच १९९९मध्ये सुमारे ७० गावांची ‘अरवरी संसद’ उभी राहिली. तिला कायद्याचे बळ नाही, पण नियम कडक: शिकार बंद, ऊस बंद. (आमच्या सोलापुरात हे कुणी बोलून तर दाखवावे!)

भांवता-कोल्याला गावांनी तर आपला डोंगर ‘भैरोदेव’ नावाने वन्यप्राण्यांसाठी राखला आहे. बिबट्या दिसेल म्हणून लेकीने डोळे ताणले, दिसला नाही. वाटेत भेटलेल्या गुराख्याला विचारले, तर म्हणाला, कधीमधी शेळी नेतो. मग तक्रार कुणाकडे करता? तो हसला. जंगल त्यांचेच, राखणदारही तेच.