कॅम्प २ मध्ये झुंझारच्या शोधात

वाढदिवसाला काय हवं, असं बाबांना विचारलं की गेली दहा वर्षं एकच उत्तर येतं. 'काही नको.' शर्ट नको, घड्याळ नको, नवा मोबाइल तर अजिबात नको. यंदा मात्र ते चक्क म्हणाले, 'झुंझार मिळाला तर बघ. जुना हं. नवीन गुळगुळीत कागदावरचा नको.'

आता हा झुंझार कोण, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर लाजू नका. मलाही पडला होता. झुंझार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही सगळी बाबूराव अर्नाळकरांची मंडळी. आपल्या आईबाबांच्या आणि त्यांच्याही आधीच्या पिढीनं भूमितीच्या पुस्तकात लपवून वाचलेली. बाबांनी तर वर्गात पकडले गेल्यावर मारही खाल्लाय. पुस्तक परत मिळालं नाही, याचं दुःख माराहून जास्त होतं, असं ते अजून सांगतात.

अर्नाळकर हे नाव खरं नाहीच. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. लिहिलेल्या रहस्यकथा हजारावर! मी मोबाइलवर हिशेब केला. माणूस जन्मला त्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लिहीत बसला असता, तरी जवळजवळ महिन्याला एक पुस्तक पडतं. आणि आपण सोमवारचा रिपोर्ट गुरुवारी देतो.

माझी तीन नावं

खरं सांगायचं तर ही शोधमोहीम फक्त बाबांसाठी नव्हती. फ्रीलान्सर म्हणजे काय, हे माझ्या घरी अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मी एका ठिकाणी 'ताई' आहे, लोकांच्या सासूच्या प्रश्नांना उत्तरं देते. दुसरीकडे मी राशिभविष्य आहे. तिसरीकडे मी पन्नाशीतला एक यशस्वी उद्योजक आहे, दर मंगळवारी सकाळी नेतृत्वगुणांवर पोस्ट टाकणारा. यातल्या कशावरच माझं नाव नसतं.

त्यात एका ऑडिओ अ‍ॅपकडून ऑफर आली. दोनशे भागांची डिटेक्टिव्ह मालिका, पैसे छान. अट एकच. लेखक म्हणून कुणाचंच नाव जाणार नाही. 'कंटेंट आमच्या टीमचा' एवढंच. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं.

दादर, गिरगाव सगळं पालथं घातलं. सगळीकडे तेच, 'मॅडम, ते कधीच संपलं.' शेवटी कल्याणच्या एका मित्रानं सांगितलं, 'उल्हासनगर कॅम्प दोनला जा. एक सिंधी दादा बसतात रद्दीच्या दुकानात.'

मराठी रहस्यकथा, आणि त्या उल्हासनगरात?

चलो यूएसए

मी डोंबिवलीत वाढले. तीन-चार स्टेशनांवरचं हे शहर मला फक्त दोन गोष्टींसाठी माहीत होतं, स्वस्त जीन्स आणि 'मेड इन यूएसए'चा जोक. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! कॉलेजात हा जोक आम्ही निदान शंभर वेळा मारला असेल. तिथे जाऊन बघावं असं एकदाही वाटलं नाही.

रविवारी सकाळी टिटवाळा लोकल पकडून शहाडला उतरले. शेअर रिक्षावाल्याला 'कॅम्प टू' म्हटलं तर तो म्हणाला, 'गोल मैदान बोलो ना.' तिथून पुढे चालत. इथे पत्ता आकड्यांत सांगतात. दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर. कारण हे शहर खरोखरच छावणी होतं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी कल्याणजवळ उभारलेला हा कॅम्प. फाळणीनंतर लाखाच्या घरात सिंधी निर्वासित या बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची पायाभरणी झाली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून नाव मिळालं, उल्हासनगर. कॅम्पचे आकडे मात्र चिकटले ते चिकटलेच.

नेहरू चौकाच्या आसपास रविवार असूनही पाय ठेवायला जागा नव्हती. गजानंद मार्केटमध्ये कापडाचे तागे छतापर्यंत. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका दुकानाच्या पायऱ्यांवर पाय मोकळे करत बसलेल्या. कोपऱ्यावर दाल-पकवान. कुरकुरीत पकवान, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. डाएट सोमवारपासून.

'लेबल तो दस पैसे का'

दुकान म्हणजे दोन इमारतींमधली एक फट. बाहेर वजनकाटा आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे, आत पुस्तकं. धंदा मुलगा बघतो. दादा नुसते बसतात, ऐंशीच्या पुढचे, पांढरा लेंगा-झब्बा, जाड चष्मा.

'दादा, झुंझार आहे का?'

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. 'आपके लिए?'

'बाबांसाठी.'

'हां, फिर ठीक है,' म्हणाले आणि मुलाला वरचा गठ्ठा काढायला लावला. आजूबाजूच्या चाळींतून मराठी घरं रिकामी झाली, माणसं बदलापूरला, पुण्याला गेली की कपाटं इथे येतात. गठ्ठ्यात अर्नाळकर होते. त्याखाली सुहास शिरवळकर. होय, 'दुनियादारी'वालेच. २०१३ च्या सिनेमामुळे आपल्याला ते कॉलेजच्या कट्ट्याचे लेखक वाटतात, पण दारा बुलंद आणि फिरोझ इराणीही त्यांचेच. त्याखाली हिंदी पॉकेट बुक्सचा ढीग.

'तुम्ही वाचता हे?' मी विचारलं.

'मराठी नहीं. मेरा वाला अलग है.' गादीखालून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. उर्दू. 'जासूसी दुनिया.' लेखक इब्ने सफ़ी. दादा लहानपणी सिंधी शिकले ते उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपीत. त्या जोरावर उर्दूही जमायला लागलं, म्हणाले. मग थांबून हसले. 'हम कराची से आए. ये कराची गया.'

अगदी खरं. इब्ने सफ़ी हेही टोपणनाव. अलाहाबादेत १९५२ मध्ये जासूसी कादंबऱ्या लिहायला लागलेले असरार अहमद त्याच वर्षी पाकिस्तानात, कराचीला गेले. पण त्यांच्या कादंबऱ्या अलाहाबादहूनही निघत राहिल्या आणि हिंदुस्थानभर वाचल्या गेल्या. शायरीसाठी ते असरार नारवी होते. विनोदी लेखनासाठी कधी तुग़रल फ़ुरग़ान, कधी सनकी सोल्जर. आणि इब्ने सफ़ी म्हणजे काय? सफ़ीचा मुलगा. वडिलांचं नाव सफ़ीउल्लाह.

मी त्यांना माझ्या ऑफरबद्दल का सांगितलं, कुणास ठाऊक. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून असेल. नाव नाही, पैसे आहेत, वगैरे.

दादांनी तीस वर्षं पँट शिवायचा कारखाना चालवला होता. 'सब दूसरे का लेबल,' ते म्हणाले. 'लेबल तो दस पैसे का आता था. सिलाई हमारी.' मला वाटलं, आता मोठ्या तोऱ्यात सांगतील की नावात काय आहे, काम महत्त्वाचं. पण पुढे म्हणाले, 'आदमी पँट पहनके खुश हुआ तो दुबारा किसको ढूंढेगा? लेबल को. मेरे को थोड़ी ढूंढेगा.' कारखाना बंद झाला तेव्हा विचारायला कुणीच आलं नाही. रागानं नाही, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

टोपणनाव आणि बिननाव

परतीच्या रिक्षात तेच डोक्यात फिरत होतं. इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की टोपणनावानं लिहिणारे काय कमी झाले? इंग्लंडचे जॉन क्रीझी घ्या. सहाशेच्या वर पुस्तकं, अठ्ठावीस नावं. वेस्टर्न लिहिताना टेक्स रायली, प्रेमकथा लिहिताना मार्गारेट कुक. मग मी एका अ‍ॅपची अनामिक 'टीम' झाले तर काय बिघडलं?

पण हे सगळे लपलेले नव्हते. चव्हाणांनी अर्नाळकर हे नाव घेतलं आणि वाचक दुकानात जाऊन त्याच नावानं पुस्तक मागू लागला. 'नवा अर्नाळकर आला का?' त्या प्रश्नावर पुढच्या महिन्याचं पुस्तक उभं राहायचं. टोपणनाव म्हणजे वाचकाला परत येण्यासाठी दिलेला पत्ता. माझ्या 'ताई'ला, राशिभविष्याला, त्या उद्योजकाला असा पत्ताच नाही. उद्या मी सोडलं तर तिथे दुसरी कुणीतरी बसेल आणि मंगळवारची पोस्ट वेळेवर पडेल.

सोमवारी मी अ‍ॅपवाल्यांना मेल केला. लिहीन, याच पैशांत लिहीन. पण प्रत्येक भागाच्या शेवटी एक नाव जाईल. माझं खरं नको असेल तर टोपणनाव चालेल, फक्त ते मी निवडणार आणि ते माझंच राहणार. हा लेख देईपर्यंत उत्तर आलेलं नाही. नाही आलं तर महिन्याचं बजेट कोलमडणार आहे, हेही प्रामाणिकपणे सांगते.

आणि झुंझार? मिळाला. कव्हर फाटलेलं, पानं पिवळी. पैसे द्यायच्या आधी दादांनी पुस्तक माझ्या हातातून परत घेतलं, उलटं धरलं आणि शेवटचं पान तपासलं. 'जासूसी में पहले ये देखने का,' म्हणाले. 'बाकी फटा चलता है.'

घरी आल्यावर बाबांनी पुस्तक हातात घेतलं आणि सगळ्यात आधी शेवटचं पान उघडून बघितलं. मग चष्मा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. जेवायला तीन हाका माराव्या लागल्या.

जायचं झालंच तर : मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणनंतरचं स्टेशन शहाड. तिथून गोल मैदानापर्यंत रिक्षा. सकाळी जा, म्हणजे दाल-पकवान गरम मिळेल. मोठी पिशवी न्या. आणि पुस्तक घेतलंत, तर शेवटचं पान बघून घ्या.